टेबलाखालचा माउस

दुसऱ्यांच्या चुका शोधायला मिळणार म्हटल्यावर मुद्रितशोधक कसला थांबतोय! कॉम्प्युटरची नवी प्रणाली बाजारात यायच्या आधीच कंपनीनं हौशी लोकांना वापरायला दिली होती. ‘दोष कळवा’ असं आवतणच होतं. खाली बारीक अक्षरांत ‘रोजच्या कामाच्या यंत्रावर वापरू नये’ अशी सूचनाही होती. आमच्या गृहस्थांनी त्या सूचनेतला चुकलेला स्वल्पविराम तेवढा हेरला (आशयाकडे लक्ष देणं हे मुद्रितशोधकाचं काम नव्हे) आणि घरातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर ती प्रणाली चढवली.

आधी प्रिंटरनं ओळख दाखवणं सोडलं. मग आवाज गेला. तो परत आला तेव्हा घड्याळ गेलं. गृहस्थ मात्र खुशीत. चहा घेता घेता दोष कळवायचे आणि पेपरात नाव छापून आल्यासारखे घरभर हिंडायचे.

बायको शाळेत उपमुख्याध्यापिका. दुसऱ्यांच्या सह्यांसाठी कागद तयार करण्यात तिची उमेद सरत आली होती. आता मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली होती आणि मुलाखत कॉम्प्युटरवरून होती. पडद्यावर धडा शिकवून दाखवायचा, म्हणून फोन चालणार नव्हता. ही संधी गेली, की पुढची निवृत्तीनंतर!

नेमकं मुलाखतीच्याच दुपारी यंत्रानं नवा खेळ मांडला. माउस जरा थांबला, की पडदा काळा.

“अहो, हे काय?”

“अगं, फारच सुंदर दोष आहे! अजून कुणी कळवलाही नसेल.”

“मी कळवू? तुमच्या आईंना?”

“जुनी प्रणाली घालतो ना परत. संध्याकाळपर्यंत होईल.”

“मुलाखत आत्ता आहे.” तिनं साडीचा पदर नीट केला आणि टेबलाखाली बोट दाखवलं. “बसा.”

गृहस्थ बसले. गुडघ्यावर पुस्तक, पुस्तकावर माउस. ते तो फिरवत राहिले आणि वर पडद्यावर बाण वाट चुकलेल्या माशीसारखा धड्यावरून भिरभिरू लागला.

“बाई, तो बाण सारखा फिरतोय,” समितीच्या अध्यक्षांनी टोकलं.

“वर्गात मुलांचं लक्ष असंच फिरतं, सर. त्याच्यासकटच शिकवावं लागतं.”

समितीनं माना डोलावल्या. तेवढ्यात टेबलाखालची धूळ गृहस्थांच्या नाकात गेली. दाबून धरलेली शिंक भलत्याच आवाजात बाहेर पडली.

“कुत्रा पाळलाय वाटतं?”

“नाही. मिस्टर आहेत.”

गृहस्थांचा हात थांबला. पडदा अंधारू लागताच बायकोची टाच त्यांच्या पावलावर पडली, आणि हात पुन्हा सुरू झाला.

“टेबलाखाली?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो. कॉम्प्युटर त्यांनी बिघडवला. म्हणून तो चालू ठेवायचं काम त्यांच्याकडे दिलंय.”

“आणि शाळेत एखाद्या शिक्षकानं असा घोळ घातला तर?”

“त्यालाच निस्तरायला लावीन. आरडाओरडा न करता.”

समिती आपसांत बोलू लागली. गृहस्थांची मान अवघडली, मनगट भरून आलं. “झालं का गं?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“हलवत राहा.”

अखेर अध्यक्ष हसत म्हणाले, “अभिनंदन, बाई. जागा तुमची.”

गृहस्थ आनंदानं उठायला गेले आणि टेबलाला डोकं आपटून खाली बसले.

“आता मिस्टरांना बाहेर येऊ द्या,” अध्यक्ष म्हणाले.

“एवढ्यात नको,” बायको शांतपणे म्हणाली. “रुजू कधी व्हायचं, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.”