इंचभरही न हललेली इमारत

न्हाणीघराचं दार तिसऱ्यांदा अडकायला लागलं, तेव्हा निवृत्त मास्तर चिडले नाहीत. एवढं त्राणच उरलं नव्हतं. तळं बुजवून उभारलेल्या या वसाहतीत त्यांना दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्यात सुतार घरचाच झाला होता.

"मास्तर, आता रंधा मारायला दारच उरलं नाही," सुतार म्हणाला. "खाली चार बोटं फट पडलीय. दोष दाराचा नाही, चौकट वाकतेय. जमीन खचतेय."

"बिल्डरचा इंजिनियर येतोय, त्याला सांग," मास्तरीणबाई म्हणाल्या.

इंजिनियर आला तो घामाघूम, दहा घरांच्या तक्रारी ऐकून विटलेला. "काकू, तळ्यातला भराव पक्का आहे. इमारत इंचभरही हललेली नाही," असं म्हणत तो न्हाणीघरात शिरला आणि चौकट मोजायला त्याने दार लोटून घेतलं.

आत धडपड झाली. मग आवाज आला, "काकू, जरा बाहेरून ढकलता?"

तिघांनी ढकललं. दार ढिम्म.

"इमारत हलली नाही ना? मग दार का हलत नाही रे?" बाईंनी विचारलं.

"काकू, थट्टा नको!"

"दीड वर्ष तुमच्या ऑफिसचे उंबरे झिजवले, बाबा. थट्टा करायला जीव कुठे उरलाय? फाइल आहे ना जवळ? जमीन खचतेय असं लिही आणि सरकव फटीतून. मग सुतार पहार लावेल."

"नोकरी जाईल माझी!"

"बस मग निवांत," मास्तर म्हणाले. "आम्हालाही कुठे जायचं नाहीये."

पाऊण तासाने फटीतून सहीशिक्क्याचा कागद आला. सुताराने पहार घातली, चौकट कडाडली आणि इंजिनियर बाहेर पडला. पाणी पिऊन त्याने हात पुढे केला. "तो कागद द्या जरा."

बाईंनी कागद पाठीमागे लपवला. "फाडशील."

"नाही हो, काकू."

मास्तरांनी मानेनेच 'दे' म्हटलं. इंजिनियरने खाली आणखी एक ओळ लिहिली. बाईंनी चष्मा लावून वाचली: 'समोरची इमारत, तिसरा मजला, माझे राहते घर. तक्रार हीच.'

"दोन महिने न्हाणीघराला पडदा लावलाय," तो मान खाली घालून म्हणाला. "त्यात सासूबाई आल्यात राहायला."

मग सुताराकडे वळून त्याने हळूच विचारलं, "दादा, दुपारी मोकळे आहात का?"