किसन भाऊजींची मातीची भिंत

आमच्या शेजारचे किसन भाऊजी पाहुण्याला आधी पाणी देत न्हाईत, आधी भिंतीला टेकवतात. "टेका, टेका! चांगली पाठ लावा!" पाहुणा टेकला की त्याच्या तोंडाकडं बघत उभे राहतात. "गार लागली? बराबर?" तो व्हय म्हणाला की मग तांब्या बाहेर येतो.

डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात आता बहुतेक घरं सिमेंटची झालीत, माझंही. भाऊजींचं मात्र मातीचंच. ऐन जवानीत त्यांनी आणि त्यांच्या कौसाबाईंनी मातीत भुसा कालवून, पायांनी चिखल तुडवून, थरावर थर चढवत उभं केलेलं. भिंत एवढी जाड, की खिडकीत मांजर पिलांसकट आडवं झोपतं. उन्हाळ्यात माझा पंखा गरम हवा फेकायला लागला की मी गुपचूप त्यांच्या ओसरीत जाऊन बसते. गुपचूप कसलं, ते टपलेलेच असतात. "काहून वैनी, सिमेंट तापलं व्हय?"

एकदा डिशवाल्यानं वायरीसाठी खिळा ठोकायला हातोडा काढला, तर भाऊजी भिंतीला पाठ लावून आडवे उभे राहिले. "तुज्या कानात ठोकू का?" म्हणाले. टीव्ही अजून आलेला न्हाई.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांची लेक कमल सासरहून, हट्ट्याहून येते, भिंतींना गिलावा करायला. बाप चिखल तुडवतो, लेक थापते. चार दिवस नुसता गलका. "बाबा, तुमी फकस्त बोलून राहिले, तुडवा की!" कौसाबाई गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज तेवढ्याच दिवसांत होतो.

औंदा तिचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. फोनचा आवाज आख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ठेवायची भाऊजींची सवय.

"बाबा, गारपीट लई झाली म्हणं तिकडं. भिंत कशी हाय?"

"भिंतीला काय धाड भरली? लोकायचे पत्रे उडाले, स्लॅब गळून राहिले, अन् आपली भिंत ढिम्म हलली न्हाई! टवका न्हाई गेला, टवका!"

"बरं झालं बाई. मंग औंदा येत न्हाई मी. हळदीचं काम अजून उरकलं न्हाई."

भाऊजींनी भिंतीला टेकलेली पाठ सोडवली. मग म्हणाले, "बराबर हाय. कामाची मानसं तुमी."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अवो, ये म्हणायचं की पोरीला."

"काय म्हणून बोलवू, वैनी? तिचा संसार हाय, घरात सासू हाय. काम न्हाई अन् धंदा न्हाई, नुसतंच ये म्हणू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताक घेऊन गेले. ओसरीत कुणी न्हाई. घराच्या मागून खर्र खर्र आवाज येत होता. जाऊन बघते तर भाऊजी खुरप्यानं भिंत खरवडत होते. घामानं सदरा भिजलेला, धाप लागलेली, आणि एवढ्या मेहनतीनं भिंतीला वाटीएवढा खळगा पडलेला.

मला पाहून त्यांनी खुरपं पाठीमागं धरलं. "उंदरं लई झालेत, वैनी."

मी ताकाचा तांब्या खाली ठेवला. खळग्यात बोट घालून पाहिलं.

"एवढ्याशासाठी हट्ट्याहून कोण येतं, भाऊजी?" म्हटलं, आणि माझं खुरपं आणायला घरी गेले.