नव्वद दिवसांची पात्रता

गरिबांची मुले मेंदूतल्या गाठीच्या उपचारांसाठी उशिरा का येतात, या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्यासाठी हेब्बाळ येथे एक केंद्र स्थापन झाले. अभ्यासात दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाला एमआरआय विनामूल्य, शस्त्रक्रिया विनामूल्य आणि पालकांना केंद्राचे नाव छापलेली कापडी पिशवी, अशी उदार तरतूद होती.

पहिल्याच सोमवारी निपाणीकडची गंगव्वा आली. जवळच्या सोसायटीत ती चार घरी स्वयंपाक करी. तिची सात वर्षांची शिवलीला रोज सकाळी उठल्याबरोबर ओकत होती आणि चालताना भिंत धरत होती.

केंद्राच्या समन्वयक आसावरी पुण्याच्या. मराठी ऐकून त्या हरखल्या. “किती छान! इथे सगळीकडे कानडीच, मराठी ऐकायलाच मिळत नाही हो. बसा ना. त्रास कधीपासून?”

“बारा दिस झालं, अक्का.”

आसावरींचा चेहरा पडला. “बाराच?”

“व्हय. आधी वाटलं, इडली बाधली. मग मान वाकडी धरून बघाय लागली, तशी उचलून दवाखान्यात नेली. ह्यो कागद.”

कागदावर लिहिले होते: मेंदूत गाठीची शंका, तातडीने एमआरआय करावा.

“गंगव्वा, आमचा अभ्यास उशिरा येणाऱ्यांचा आहे. किमान नव्वद दिवस लागतात. तुम्ही फार लवकर आलात.”

गंगव्वा ओशाळली. उशिराबद्दल तिने जन्मभर बोलणी खाल्ली होती. लवकर आल्याबद्दल प्रथमच खात होती.

“सरकारी दवाखान्यात चार महिन्यांनंतरची तारीख दिलीया. त्यो उशीर धरा की.”

“तो व्यवस्थेचा विलंब. आम्ही कुटुंबाचा विलंब मोजतो. अज्ञान, अंधश्रद्धा, उदासीनता, असे तीनच रकाने आहेत.”

“मग येळेवर येणारी पोरं घेतच न्हाई?”

“घेतो ना, तुलनेसाठी. पण तो गट इंदिरानगर, जे. पी. नगरचा. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. जास्तीचा.”

दारावरच्या यल्लाप्पाला राहवले नाही. “अक्का, तीन महिने झाले म्हणून सांग की. स्वल्प खोटं बोललं तर काय होतंय?”

परंतु कागदावर तारीख होती, शिक्का होता, आणि गंगव्वाने तो प्लास्टिकच्या पिशवीत जिवापाड जपला होता. या वर्गाकडून अभ्यासाला अपेक्षित नसलेला हा नीटनेटकेपणा तिला भोवला.

आसावरी निर्दय नव्हत्या. त्यांनी प्रकरण त्याच सकाळी नीतिमत्ता समितीपुढे ठेवले. नियम शिथिल केल्यास खरोखर उशिरा येणाऱ्या मुलांवर अन्याय होईल, असा निर्णय समितीने एकमताने दिला. मात्र सहानुभूती म्हणून एक जागा राखून ठेवली.

“अठ्ठ्याहत्तर दिवसांनी नक्की या हं,” आसावरी म्हणाल्या. “आणि मध्ये दुसरीकडे कुठे दाखवू नका. आमचा विदा, म्हणजे डेटा, बिघडतो.”

त्याच दुपारी इंदिरानगरचा शुभंकर आला. सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचे डोके दुखले होते. तासाभरात एमआरआय झाला, मेंदू निर्दोष निघाला आणि पिशवीही मिळाली.

अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी शिवलीला आईच्या खांद्यावर आली. आता ती सर्व निकषांत बसत होती. त्यानंतर एका मिनिटाचीही दिरंगाई झाली नाही. त्याच दिवशी एमआरआय, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. गाठ पूर्ण निघाली. दृष्टी मात्र गेली, ती परत आली नाही. डोळे अभ्यासाच्या कक्षेबाहेर होते.

अहवालात शिवलीलेपुढे ‘उदासीनता’ या रकान्यात खूण आहे. बाराव्या दिवशी लेखी सूचना मिळूनही मातेने नव्वदाव्या दिवसापर्यंत काहीही केले नाही, याला पुरावा म्हणून तोच कागद जोडला आहे.

सारांश सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आला, तेव्हा आपल्या चारही घरांत फार हळहळ झाली. एवढे होते, तर तिने आपल्याला सांगायचे तरी, असे आपण म्हणालो. तिने सांगितले होते. आपण त्या वेळी तिला पोळ्या जरा पातळ लाटायला सांगत होतो.