मेश्रामसाहेबांचं छातीवरचं बांधकाम

आमच्या वारज्याच्या सोसायटीत मेश्रामसाहेबांबरोबर लिफ्टने वर जायचं म्हणजे त्यांच्या छातीची पाहणी करावीच लागते. दार बंद झालं, की साहेब शर्टाची वरची बटणं काढून बायपासचा व्रण दाखवतात. इतरांचे व्रण कालांतराने फिके पडून सपाट होतात. साहेबांचा मात्र दोडक्याच्या शिरेसारखा वर आलाय, तांबूस आणि जाड. "पाहून घ्या मॅडम," ते म्हणतात, "एस्टिमेटपेक्षा जास्त माल ओतून राहिले."

साहेब मूळचे भंडाऱ्याचे. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या दुर्दैवाने शेजारचा फ्लॅट घेतला. पत्नी सुनंदाबाई त्याआधीच गेल्या होत्या. त्यांच्याविषयी ते बोलत नसत, व्रणाविषयी मात्र बोलायचे थांबत नसत.

त्यांच्या मते शरीर हेही एक खातंच. ऑपरेशन म्हणजे खोदकाम. ते झालं, की प्रतिकारशक्तीच्या पेशी धावत येऊन आधी राडारोडा उचलतात. त्यांच्यातले काही मुकादम. ते गवंडी पेशींना निरोप धाडतात आणि गवंडी जखमेत चिवट धाग्यांचा भराव घालतात. जखम बुजली, की मुकादमाने साइट सोडायची. साहेबांचा मुकादम साइट सोडायलाच तयार नाही, त्यामुळे गवंडीही ओततायत. ही सगळी माहिती त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांकडून वदवून घेतली. त्या दिवशी बाहेर ताटकळलेले पेशंट जेवले कुठे, कोण जाणे. चीड याची येते, की माहिती बरोबर आहे.

एकदा मी डबा परत द्यायला गेले, तर साहेब दिवाणावर उताणे आणि छातीवर गवंड्याची पाणसळ. भराव एकसारखा आलाय का, हे त्यांना बघायचं होतं. झोपल्या झोपल्या बुडबुडा दिसत नव्हता म्हणून तो वाचायचं काम माझ्याकडे आलं. श्वास घेतला की बुडबुडा डोक्याकडे सरके, सोडला की पोटाकडे. खराडीच्या ऑफिसात माझी मीटिंग सुरू व्हायची वेळ झाली होती आणि मी एका निवृत्त अधिकाऱ्याला श्वास रोखायला सांगत होते.

शेवटी सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये सूचना चिकटवली: 'लिफ्टमध्ये वैयक्तिक बांधकामे दाखवू नयेत.' दुसऱ्या कुणाला शरम वाटली असती. साहेबांनी ती शांतपणे वाचली, भाषा बरी आहे म्हणाले आणि बटणं काढली.

मग त्यांच्या मुलीचा नागपूरहून फोन आला. व्रण आता ओढ घ्यायला लागला होता, रात्री खाज सुटायची, हात वर होत नव्हते. तिचं ऐकत नाहीत, निदान माझं तरी ऐकतील, अशी तिची भाबडी समजूत. मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी समजावलं, की व्रणात इंजेक्शन दिलं की तिथल्या पेशी शांत होतील आणि भराव थांबेल. दुर्लक्ष केलं तर ओढ वाढत जाईल.

"म्हणजे मस्टरवरून नावं कमी करायची," साहेब म्हणाले आणि बटणं लावून उठले.

त्यानंतर कारणांची रांग लागली. कधी ऊन फार, कधी ताक प्यायल्याने घसा धरलेला, एकदा तर बाईंची सही आवडली नाही. मी टोमणे मारून थकले. धरणं बांधलेला माणूस सुईला भितो, हे मी त्यांना तोंडावर ऐकवलं. बापाने लेकीला हसावं तसं ते कौतुकाने हसले.

एका रविवारी बाल्कनीतून पाहिलं, तर साहेब टॉवेल दोरीवर फेकत होते. हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि टॉवेल दर वेळी खाली पडत होता. मी तडक त्यांच्याकडे गेले, टॉवेल हिसकावून वाळत घातला आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. या वेळी ते हसले नाहीत.

"सुनंदाचं ऑपरेशन झालं ना मॅडम," ते म्हणाले, "तेव्हा औषधांनी तिच्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या. नर्स रोज सकाळी पट्टी सोडायची. मी वाकून पाहायचो. वाटायचं, आज तरी कोणी कामावर आलं असेल. जखम तशीच उघडी. शेवटपर्यंत एक जण नाही आला." ते दोरीकडे बघत राहिले. "आणि माझ्याकडे न बोलावता इतके आले. रात्रंदिवस करून राहिले बिचारे. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, जा म्हणून?"

माझी जीभ सोसायटीत प्रसिद्ध आहे. त्या दिवशी तिच्याऐवजी हात चालले. मला इतकं वाईट वाटलं, की बादलीतले उरलेले कपडे मी न विचारता वाळत घातले. शेवटचा शर्ट झाल्यावर ते एवढंच म्हणाले, की मी आतपर्यंत येणार असेन तर जाऊ.

दवाखान्यात ते निमूटपणे टेबलावर आडवे झाले. बाईंनी सिरिंज उचलली, तेव्हा साहेबांनी तळहात व्रणावर ठेवला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "पुष्कळ केलं बाबांनो. आता घरी जा."

नर्सने घड्याळाकडे बघून त्यांचा हात बाजूला करायला हात पुढे केला. मी तिला थांबवलं. म्हटलं, "अहो, त्यांचं होऊ द्या."