खेळणी वजनावर विकणारे तात्या

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहिते आहे, त्यामुळं ओळीही उतरणीला लागतात. वाचणाऱ्यानं चुका पोटात घालाव्यात आणि तात्यांकडं बघावं.

आमच्या शेजारचे तात्या खेळणी वजनावर विकतात.

कांदे-बटाटे विकावेत तशी. दुकानात लाल आकड्यांचा काटा आहे. मोटार घ्या, बाहुली घ्या, शिट्टी घ्या, काट्यावर ठेवायची, आकडा बघायचा, पैसे द्यायचे. भाव सगळ्याला एकच. आमच्या सणसर गावात नव्यानं आलेल्या माणसाला ही चेष्टा वाटते. तात्या चेष्टा करत नाहीत. त्यांना चेष्टा करताच येत नाही.

त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर गेली. उसाची भरलेली गाडी आली की तिचं वजन घ्यायचं. ऊस उतरला की रिकाम्या गाडीचं घ्यायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की राहतो तो नुसता ऊस. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की काकू म्हणायच्या, "ह्यांना लाडू दिला तर आधी वाटीचं वजन वजा करत्यात." काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. एकुलता एक दत्ता बारामतीला कंपनीत आहे. तात्या निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, खताचं दुकान टाकतील. तात्या म्हणाले, "खताची दुकानं गावात रग्गड हायती. खेळण्याचं एकबी न्हाय. पोरांनी काय युरिया खेळावा?"

दुकान टाकलं आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या खेळण्यांची खोकी फाडली. का, तर खोक्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं नाही. गुलाबी खोकी, निळी खोकी, झगमगीत खोकी, सगळी पाणी तापवायच्या बंबात गेली. रोज सकाळी तात्या अंघोळीला बसत तेव्हा बंबाच्या तोंडातून एखादी सोनेरी केसांची छापील बाई हसत हसत जळत असायची.

वजनाच्या हिशेबानं फजिती व्हायची ती झालीच. बॅडमिंटनचं फूल जवळजवळ फुकट जायचं आणि गोट्या घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकदा शाळेतले गुरुजी वाढदिवसासाठी फुगे न्यायला आले. तात्यांनी एक फुगा काट्यावर ठेवला. आकडा शून्य.

"न्या," तात्या म्हणाले.

"अहो तात्या, पैसे?"

"काटा न्हाय म्हणतोय, मी कसं व्हय म्हणू?"

गुरुजी पन्नास फुगे घेऊन गेले. त्या दिवसापासून तात्यांनी फुगे ठेवणं बंद केलं, पण भाव बदलला नाही.

खोकी गेल्यामुळं एक वेगळाच घोटाळा झाला. कुठलं खेळणं कुणासाठी, हे कळायची सोय राहिली नाही. सगळं एका ढिगात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाहुली, भातुकलीच्या कढईत बंदूक. लोक विचारायचे, "तात्या, पोरीला काय द्यावं?" तात्या म्हणायचे, "मला काय म्हाईत? पोरगी आणलीय का संगं?" पोरगं बरोबर आणल्याशिवाय ते विकतच नसत. आणि पोरगं आलं की बरोबरच्या मोठ्या माणसाला पायरीच्या खाली उभं करत. त्याचंही कारण काट्यावरचंच. "पोराच्या मनाचं वजन करायचं, तर आईबापाचं आधी वजा कराय लागतंय."

एकदा लोणी भापकर गावचे एक आबा नातीला घेऊन आले. पांढरीशुभ्र टोपी, मिशीला पीळ. तात्यांनी त्यांनाही खाली उभं केलं. नात आत गेली, ढिगात हात घातला आणि दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओढून बाहेर काढला.

"आगं, त्यो तुझ्या दादाला," आबा खालून ओरडले. "तू बाहुली घे."

"दादाला चालवाय येत न्हाय," नात म्हणाली. "त्यो वळवताना पाडतोय."

तात्यांनी ट्रॅक्टर काट्यावर ठेवला. आबा कुरकुरले, "आवं, पोरीच्या जातीला ट्रॅक्टर काय करायचाय?"

"आबा, जमीन कुणाच्या नावावर हाय तुमची?"

"निम्मी मंडळीच्या. पर ते आपलं कागदावर."

"मंग? कारखान्यावर निम्म्या गाड्या बायकांच्याच नावावर यायच्या. बायकांना पत्ताबी नसायचा. ह्या पोरीला निदान गाडी कशी असती ते कळू द्या."

आबांनी पैसे दिले. जाताना ट्रॅक्टरची दोरी नातीच्याच हातात होती आणि आबा मागच्या ट्रॉलीला पाय लागू नये म्हणून अंग चोरून चालत होते.

बारामतीचा माल पुरवणारा सेल्समन मात्र हैराण होता. बिचारा गोड बोलायचा. "तात्या, एक बाजू गुलाबी करा, एक निळी करा. गर्ल्स, बॉईज. गिऱ्हाईक आलं की सरळ आपल्या बाजूला जातं. आणि एका घरात भाऊ-बहीण असले तर दोन सायकली जातात. गुलाबी सायकल भाऊ वापरत नाही ना!"

तात्यांनी जरा विचार केला. "म्हंजी रंग देऊन एका घरात दोनदा इकायचं?"

"तेच तर!"

"मंग ह्यो रंग पोरांसाठी न्हाय. तुज्यासाठी हाय."

सेल्समन हसला आणि म्हणाला, "तात्या, माझ्यासाठी आहे, तुमच्यासाठीपण आहे." ते खरंच होतं. तात्यांचं दुकान काही जोरात चालत नव्हतं.

त्या दुकानात माझाही थोडा माल असे. मी घरी ब्लाऊज शिवते. उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या करायची, आमच्या मुलीसाठी. तात्यांनी त्या बघितल्या आणि दुकानात मागून घेतल्या. पण चिंधीची बाहुली ती, काट्यावर किती भरणार? तात्यांनी आकडा बघितला, माझ्याकडं बघितलं. भाव वाढवणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं. थोडा वेळ टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "सुनबाई, हिच्या पायात बाजरी भर. उभीबी ऱ्हाईल."

तेव्हापासून माझ्या बाहुल्या बाजरीच्या पायांवर उभ्या राहतात आणि मला चार पैसे जास्त मिळतात. एकदा उंदरांनी रात्रीत तीन बाहुल्या लंगड्या केल्या, तेवढं सोडलं तर बरं चाललं.

दत्ताचा मुलगा ओम रविवारी यायचा. पाच वर्षांचा. शनिवारपासूनच तात्यांची गडबड चालू. दुकान झाडायचं, राजगिऱ्याचे लाडू आणायचे, दाढी करायची. ओम आला की ढिगात शिरायचा आणि तात्या त्याच्याकडं बघत बसायचे. त्या दिवशी गिऱ्हाइकाला वजन चुकीचं सांगायचे. इतर दिवशी एक ग्रॅम हलू न देणारा माणूस!

एका रविवारी ओमनं ढिगातनं माझी एक बाहुली काढली. हिरव्या खणाचं परकर-पोलकं घातलेली. तिला मांडीवर घेतलं, लाडूचा चुरा तिच्या तोंडाला लावला आणि दिवसभर खाली ठेवली नाही. संध्याकाळी निघताना दत्तानं ते बघितलं.

"तात्या, हे काय? पोराच्या हातात बाहुली?"

"त्यानंच घेतली."

"सोसायटीत पोरं हसत्यात त्याला. बायल्या म्हणत्यात. तुम्हाला हितं बसून काय कळतंय? घरी येऊन रडतो तो, मला बघाय लागतं."

दत्ता वाईट माणूस नाही. लेकराचं रडणं त्याला सोसत नव्हतं, एवढंच. पण त्यानं ओमच्या हातातली बाहुली काढून घेतली, काट्यावर आपटली आणि म्हणाला, "दुकान नीट लावा. पोरांचं हिकडं, पोरींचं तिकडं. तोवर मी ह्याला आणणार नाही."

गाडी गेली. काट्यावर लाल आकडा तसाच होता. तात्यांनी कितीतरी वेळ बाहुली उचलली नाही.

मग रविवार यायचे आणि जायचे. तात्या दाढी करायचे, लाडू आणायचे. संध्याकाळी तेच लाडू आमच्या मुलीच्या हातावर ठेवायचे. आळीतली माणसं चेष्टेनं म्हणायची, "तात्या, नातवाचं वजन कमी भरलं का?" तात्या मान खाली घालून काटा पुसत बसायचे. मला ते बघवायचं नाही. पण मी पडले लाजाळू, बोलायला तोंड उघडलं तर शब्द आधी आत पळतात.

एका दुपारी तात्यांनीच मला हाक मारली. "सुनबाई, जरा हिकडं ये. पोरांचं कुठलं, पोरींचं कुठलं, तेवढं लावून दे मला."

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. पुठ्ठ्याच्या दोन पाट्या त्यांनी लिहून ठेवल्या होत्या. मी ढिगापाशी बसले.

पहिलीच निघाली उड्या मारायची दोरी. मी पोरींकडं ठेवली. तात्या म्हणाले, "माझा भाऊ तालमीत दोरीवरच्या उड्या मारायचा. पैलवान हुता." दोरी मध्ये ठेवली. मग भातुकली निघाली. तात्या म्हणाले, "लग्नात जेवण कोण करतंय? आचारी. मिशीवाला." कढई मध्ये. डॉक्टरची पेटी काढली आणि मीच म्हणाले, "आपल्या दवाखान्यातल्या मॅडम..." पेटी मध्ये. ट्रॅक्टर तर त्यांनी न बोलताच मध्ये ठेवला. संध्याकाळपर्यंत पोरांकडं दोन बंदुका होत्या, पोरींकडं एक आरसा होता आणि मध्ये ढीग तसाच होता.

"आरसा तर दत्ता दिवसभर बघायचा," तात्या म्हणाले. "मिसरूड फुटलं तवा."

आम्ही दोघंही हसलो. मग तात्या पाट्यांकडं बघून म्हणाले, "असू दे. डोळं झाकून लाव. पोराला बघून लई दिवस झाले."

मी लावलं. त्यांनी फोन केला, "दत्ता, दुकान लावलंय रं. आण त्याला."

रविवारी दत्ता आला. पाट्या बघून त्यालाही बरं वाटलं, चहा मागितला. ओम दाराशी उभा राहिला. आधी असा थेट ढिगात शिरणारा पोरगा, आता एक हात पुढं करायचा आणि वळून बापाकडं बघायचा. बापानं मान हलवली की वस्तू धरायची. शेवटी एक निळा ट्रक घेतला, "थँक्यू आजोबा" म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. ट्रक मांडीवर होता. तो त्याच्याशी खेळत नव्हता, त्याला नुसता सांभाळत होता.

दुसऱ्या दिवशी पाट्या बंबात गेल्या. मी त्यांच्या नळावर पाण्याला गेले होते, तेव्हा तात्या फोनवर बोलत होते. "दत्ता, म्या सगळं परत कालवलं. मला न्हाय जमत. तुला आणायचं नसंल तर नगं आणूस." पुढं काही बोलायचं होतं, पण त्यांनी फोन ठेवला आणि बंबात उगीचच आणखी एक लाकूड घातलं.

त्यानंतर दर रविवारी दुकान बंद दिसायला लागलं. सकाळच्या एसटीनं तात्या कुठंतरी जायचे, हातात पिशवी. आळीत चर्चा झाली. कुणी म्हणालं गुडघे दाखवायला जातात, कुणी म्हणालं म्हातारपणी बुवाच्या नादी लागले.

मला कळलं ते अचानक. माझी बहीण बारामतीला दत्ताच्या सोसायटीजवळच राहते. रविवारी तिच्याकडं गेले होते. येताना सोसायटीच्या बागेजवळून चालले, तर फाटकातून तात्या दिसले. धोतर, टोपी, बाकड्यावर ताठ बसलेले, आणि मांडीवर हिरव्या खणाच्या परकर-पोलक्यातली माझी बाहुली.

पोरांचा घोळका समोर उभा होता. "आजोबा, तुम्ही बाहुली खेळता?"

"व्हय."

"एवढे मोठे?"

"मोठा हाय म्हणून खेळाय वेळ हाय."

पोरं फिदीफिदी हसली. पलीकडच्या बाकड्यावरच्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तात्या बसून राहिले. ओम त्यांना टेकून उभा होता. त्याला कुणी काहीच म्हणत नव्हतं. बाहुली आजोबांची होती, हसायचं ते आजोबांना. तो नुसता आजोबांच्या बाहुलीचे केस नीट करत होता. जरा वेळानं त्यानं ती आपल्याकडं घेतली. मघा हसणाऱ्यांतला एक पोरगा पुढं आला आणि म्हणाला, "तिचे पाय जड का आहेत?"

मी आत गेले नाही. मला तसं एकदम कुणासमोर जाता येत नाही. झाडाआड उभी राहिले. तेवढ्यात दत्ता घरातून खाली आला. ओशाळलेला.

"तात्या, लोक हसत्यात तुम्हाला."

"मलाच न्हवं? मंग हसू दे."

दत्ता बाकड्याच्या टोकाला बसला. बापलेकांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा होती. तात्यांनी ओमकडून बाहुली घेतली आणि दत्ताच्या हातात दिली. "जरा धर हिला. पाणी पिऊन येतो."

दत्तानं ती कंदील धरावा तशी धरली, अंगापासून लांब. इकडं-तिकडं बघितलं. ओम धावत आला.

"पप्पा, अशी नाही! मानेखाली हात घाला. बाळ आहे ना ते."

दत्तानं मानेखाली हात घातला. ओमनं त्याचं कोपर धरून बाहुली त्याच्या छातीशी सरकवली आणि बघत राहिला, नीट धरलीय का.

तात्यांचं पाणी पिऊन कधीच झालं होतं. नळही बंद केला होता. पण ते नळाकडंच तोंड करून, ओल्या हातांनी, तिथंच उभे होते.