बटाट्याची पाठवणी

घड्याळजींना अर्धवट राहिलेलं काही बघवत नसे. दुरुस्तीसाठी उघडलेलं घड्याळ मिटल्याशिवाय ते दुकानात जेवायला उठत नसत. घरीही तीच तऱ्हा. डब्यातलं शेवटचं बिस्कीट, टूथपेस्टची पिळवटलेली नळी, बायकोचं अर्धं सोडवलेलं शब्दकोडं, जे उरलेलं दिसेल ते संपवून मोकळे होत. बायको हल्ली शब्दकोडी उशीखाली ठेवायची. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीला, ठकीला, मात्र एवढा अनुभव नव्हता.

त्या दिवशी दुकान बंद होतं. बायको बँकेत आणि ठकी शाळेत गेली होती, आणि निघताना एकदा उघडलेला तिचा गेम घाईत टीव्हीवर तसाच चालू राहिला होता. लहान मुलांचा छोटासा गेम. ड्रॅगनच्या पिल्लाला जंगल, नदी आणि भुतांचा पूल ओलांडून त्याच्या आईपाशी पोचवायचं, एवढंच. पिल्लू शेवटच्या दाराशी बसलं होतं. दार सताड उघडं, आणि खाली लिहिलेलं, ‘आत जा’. कित्येक दिवस घड्याळजी येताजाता त्याला तिथेच बसलेलं बघत होते. पोरीला जमत नसेल बिचारीला, असं त्यांना वाटलं. हात शिवशिवत होतेच. त्यांनी बटण दाबलं.

पिल्लू आत गेलं, आईच्या पंखाखाली शिरलं, त्याने एकदा वळून बघितलं आणि दोघं उडून गेली. ‘समाप्त’ अशी अक्षरं आली. घड्याळजींना फार बरं वाटलं. ही खुशखबर द्यायला त्यांनी बायकोला फोन लावला.

पलीकडे बँकेतला पंखा घरघरत होता.

“अहो, तिने मुद्दाम थांबवलं होतं,” बायको म्हणाली. “तो आत गेला की गेम संपतो. म्हणून रोज शाळेतून आली की बटाट्याला फळं खाऊ घालते, त्याच्याशी बोलते आणि बंद करते.”

“बटाट्या कोण?”

“तुम्ही आत्ता घालवलात तो.”

घड्याळजींच्या पायाखालची जमीन सरकली. त्याला परत आणता येतं का, असं त्यांनी विचारलं. येत नव्हतं. पहिल्यापासून खेळून पुन्हा त्या दारापाशी यायचं, हाच एक मार्ग होता. ठकी यायच्या आत उरका, असं म्हणून बायकोने फोन ठेवला.

केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा हा माणूस, पण अंगठ्याने पिल्लाला उडी मारायला लावताना त्यांच्या नाकी नऊ आले. ते नदीत पडले. पुन्हा पडले. बरं, या गेममध्ये कुणी मरतही नसे. पुलावरची भुतं मोठ्या प्रेमाने मिठी मारत आणि उचलून पार जंगलाच्या सुरुवातीला आणून ठेवत. त्या प्रेमाने घड्याळजी रडकुंडीला आले. कुणीतरी एकदाचं मारून टाकलं असतं तर बरं, असं त्यांना वाटायला लागलं. जेवण राहिलं. पिल्लू मात्र प्रत्येक वेळी शिंकत, ठिणग्या उडवत पुन्हा निघायचं आणि त्यांचा अंगठा थांबला की बसून त्यांची वाट बघायचं. शेवटी शेवटी ते त्याच्याशी बोलायला लागले होते. “चल रे राजा, एवढा पूल तेवढा,” असं काहीबाही.

ते दारापाशी पोचले आणि जिन्यात ठकीची पावलं वाजली. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग पडद्याकडे नीट बघितलं आणि त्यांचं उरलंसुरलं अवसान गळालं. बटाट्या हिरवा होता. हा पिवळाधमक. सुरुवातीला घरट्यात तीन अंडी होती, आणि घाईघाईत त्यांनी हाताशी आलं ते उचललं होतं.

ठकी दप्तरासकट टीव्हीसमोर उभी राहिली.

“हा कोण?”

घड्याळजींनी सगळं सांगून टाकलं. ठकी आकांत करेल म्हणून ते तयारीत होते, पण तिने नुसता दप्तराचा पट्टा घट्ट धरला. ते फारच वाईट होतं. आपण बाप म्हणून कायमचे नापास झालो, हे त्यांना कळून चुकलं.

“त्याला आई भेटली?” तिने विचारलं.

“भेटली. पंखाखाली घेतलं तिने. जाताना त्याने वळून बघितलं.”

“माझ्याकडे?”

“तुझ्याकडेच,” घड्याळजी म्हणाले.

ठकीने बाहीने नाक पुसलं. मग दप्तर खाली ठेवून ती त्यांच्या शेजारी बसली आणि पिवळ्या पिल्लाकडे बघत राहिली.

“मग याची आई पण वाट बघत असेल,” ती म्हणाली. “बाबा, तू म्हणतोस ना, काम अर्धवट ठेवू नये.” आणि तिने अंगठा बटणावर नेला.

घड्याळजींनी झटकन तिचा हात धरला.

“थांब जरा,” ते म्हणाले. “सकाळपासून काही खाल्लेलं नाही त्याने. दमलंय. आज राहू दे.”

“उद्या पाठवायचं?”

“बघू,” घड्याळजी म्हणाले आणि पिल्लासाठी फळं शोधायला लागले.