चौथ्या मजल्यावरून चिलखती गाडी

"या वाढदिवसाला तुझे बाबा मला उठून मिठी मारतात की नाही बघ! लागली पैज!" वेन्यामिनने बायकोला ठणकावून सांगितलं.

"आधी तो गोंद उचल. सूपला वास लागलाय," ताया म्हणाली.

वेन्यामिन दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याने केलेल्या कवळीने अर्धं र्‍याझान शहर बिनधास्त सफरचंदं खात होतं! पण सासरे तिखोन सावेलिच यांना कवळ्यांचं काय कौतुक! ते जुने छत्रीसैनिक. चिलखती गाडीत बसून, गाडीसकट विमानातून उडी घेतलेले! आणि जावयाला सपाट पावलांमुळे सैन्याने दारातूनच परत पाठवलेलं. म्हणून लग्नाला इतकी वर्षं झाली तरी म्हातारा त्याला नावाने हाक मारत नसे. "ए दातवाल्या!" म्हणे, आणि जेवायला पार कोपऱ्यात बसवे. शेजारची खुर्ची ठरलेली, पलटणीतला दोस्त गोर्देई याची.

ती खुर्ची वेन्यामिनला हवी होती. त्यासाठी त्याने उन्हाळाभर खपून सासऱ्यांच्या गाडीची, त्या सोव्हिएत बी.एम.डी.ची, वीतभर प्रतिकृती बनवली. चिमट्याने एकेक कडी उचलून चाकांवरचे पट्टे जोडले. झाकणं उघडत होती, तोफ फिरत होती! मागे पिशवीत छत्रीसुद्धा बांधली होती.

वाढदिवसाला त्याने सगळ्यांसमोर फडकं उचललं. तिखोन सावेलिचांनी चष्मा पुसला.

"गोर्देई, अरे, ही माझी गाडी! नंबरसुद्धा माझाच!"

 सासरे खुर्चीतून उठायला लागले. वेन्यामिनने मिठीसाठी हात पसरले. तेवढ्यात गोर्देईने नाक खुपसलं.

"गाडी झकास आहे. छत्री मात्र शोभेची दिसते."

इथे गप्प बसायचं! पण कारागिराला कुणी शोभेचं म्हटलं की त्याची जीभ ताब्यात राहत नाही.

"शोभेची? माझ्या हातचं शोभेचं काही नसतं, काका! सगळं अस्सल!"

"म्हणजे उघडते?"

"म्हणजे काय! उघडणारच!"

"मग हिने उडी कधी मारली?" सासऱ्यांनी विचारलं.

"उडी?" वेन्यामिनने पसरलेले हात खाली घेतले.

"उडी न मारलेली गाडी आमच्या दलात कशी चालेल? चला, बाल्कनीत!"

"बाबा, बाहेर वारा आहे!" वेन्यामिन म्हणाला.

"आम्हाला काय खिडक्या लावून उतरवत होते?"

"गोंद अजून ओला आहे!"

"आत्ता तर सगळं अस्सल म्हणालास!"

गोर्देईने छत्रीची घडी घालायला हात पुढे केला, तसे तिखोन सावेलिच गरजले, "हात लावू नकोस! ज्याची उडी त्याची घडी! नियम विसरलास? दातवाल्या, तूच घाल."

सगळ्यांकडे पाठ करून वेन्यामिनने घडी घातली. आता छत्री नाही उघडली तर दोष त्याचाच. गाडीही जाणार, खुर्चीही जाणार आणि जन्मभर हा किस्सा ऐकावा लागणार! सासऱ्यांनी सलाम ठोकला आणि चौथ्या मजल्यावरून गाडी सोडली.

गाडी दगडासारखी खाली निघाली. वेन्यामिनने डोळे मिटले.

"उघडली! उघडली!" दोन्ही म्हातारे लहान मुलांसारखे नाचायला लागले.

"अगं बाई! माझा रेशमी रुमाल!" ताया किंचाळली. आकाशात लाल गुलाबांची छत्री डौलात डुलत होती. "गेला महिना घर पालथं घालतेय मी! आणि तूसुद्धा माझ्याबरोबर पलंगाखाली शोधत होतास!"

वेन्यामिनच्या सुदैवाने तेवढ्यात वारा फिरला आणि छत्री दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत शिरली. तिथे शेजारीण रिम्मा अर्काद्येव्नाने खोलोदेत्ससाठी डुकराच्या पायांचा रस्सा परातीत, थंडीत थिजायला ठेवला होता. थप्प! पाठोपाठ बाईंचा आवाज आला.

"तिखोन सावेलिच! माझ्या खोलोदेत्समध्ये रणगाडा पडलाय! युद्ध सुरू झालं का?"

"रणगाडा नाही, रिम्मोच्का! छत्रीदल आहे! गाडी जागची हलवू नकोस, आम्ही आलो!"

दोघे म्हातारे गुडघेदुखी विसरून जिना उतरले. येताना परातीसकट गाडी आणली आणि परातीच्या मागोमाग रिम्मा अर्काद्येव्नाही आली. तोफ मोडली होती, एक पट्टा लोंबत होता, झाकणात गाजराची चकती अडकली होती. वेन्यामिनचा अख्खा उन्हाळा त्या चिकट रश्श्यात रुतून बसला होता!

पण सासऱ्यांनी त्याला कडकडून मिठी मारली.

"वेन्यामिन! पोरा! माझी पहिली उडी अशीच झाली होती. आम्ही दलदलीत पडलो होतो! ऊठ रे गोर्देई, खुर्ची दे त्याला!"

वेन्यामिन त्या खुर्चीत बसला. पेला भरला गेला. सुखाने त्याचे कान लाल झाले.

"पण एकटी गाडी उतरून काय करणार?" सासरे त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले. "सैन्याच्या कंपनीत दहा गाड्या असतात. पुढच्या वर्षी अख्खी कंपनी उतरवू!"

"आणि दहा गाड्या हाताने कशा टाकणार?" खुर्ची गेलेल्या गोर्देईने विचारलं. "विमान लागेल. पण उडणारं विमान काही याला जमायचं नाही."

तायाने नवऱ्याला टेबलाखालून जोरात लाथ मारली. पण उशीर झाला होता.

"जमायचं नाही?" वेन्यामिन म्हणाला. "म्हणजे काय! उडणारच!"